तात्यांची ओवी हायडेलबर्गला जाते

आमच्या कऱ्हाटी-सुप्याच्या जिरायती पट्ट्यात अनोळखी जीप थांबली की लोकांना पाण्याचा सर्व्हे आठवतो, नाहीतर निवडणूक. त्या दिवशी जीपमधून उतरली हायडेलबर्ग विद्यापीठाची एक विद्यार्थिनी, खांद्याला टेपरेकॉर्डर. मी तेव्हा पुण्यात एम. ए. करत होतो, चार पैसे मिळतील म्हणून तिच्यासोबत आलो होतो. जायचं होतं तो धनगरवाडा माझ्या चुलत्यांचाच, तात्यांचा होता.

तिचं मराठी मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकरांच्या पाठ्यपुस्तकावर घडलेलं, म्हणजे नीरेपलीकडच्या फलटणचं. रामराम झाल्यावर तिनं विचारलं, "तात्या, तुमचा बिरोबा आरेवाडीचा की पट्टणकोडोलीचा?" तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. असा प्रश्न मी त्यांना जन्मात विचारला नव्हता.

ही तयारी हायडेलबर्गच्या गुंथर सोन्थायमर यांच्या परंपरेतली. हा मूळचा कायद्याचा माणूस. एकत्र हिंदू कुटुंबाचा अभ्यास करता करता मेंढरांच्या मागं लागला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या धनगरांच्या देवांवरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ सालचं. ते १९८९ मध्ये इंग्रजीत आणलं अॅन फेल्डहाउस यांनी, त्या अॅरिझोना स्टेट विद्यापीठात शिकवायच्या. पुण्यात सोन्थायमरांना रा. चिं. ढेऱ्यांसारखा लोकदैवतांचा जाणकार स्नेही. सोन्थायमर १९९२ मध्ये गेले, तरी तिकडच्या अभ्यासकांची इकडे ये-जा चालू राहिली. विद्यापीठांचे करार होतात, फाइलींत राहतात. इथं मात्र एकाची वही दुसऱ्याच्या हातात जात राहिली.

रात्री मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात गेल्यावर तात्यांनी ओवी धरली. थोडं गायचं, मग तेच सपादणीत सांगायचं, मागचा झीलकरी सूर धरून. ऐन रंगात कॅसेट खट्कन संपली. पोरीनं हात वर केला. तात्या थांबेनात. ती कॅसेट उलटी करेपर्यंत मी घोंगडीवर पालथा पडून बॅटरीच्या उजेडात शब्द उतरवत होतो. नंतर तात्या म्हणाले, "देवाला अर्ध्या वाटंत उभा करू का?" दुसऱ्या रात्री तिनं माझ्या मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि दोन्ही आळीपाळीनं चालवले.

२०१४ मध्ये फेल्डहाउस यांचं बिरोबा आणि धुळोबाच्या ओव्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यावर रामदास अटकर आणि राजाराम झगडे या इकडच्या सहकाऱ्यांचीही नावं आहेत. मला पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं. एरवी आमच्याकडची माणसं 'माहितगार' म्हणून तळटिपेत जातात.

पुढं एक नवा विद्यार्थी आला, लॅपटॉप घेऊन, त्यात आमच्याच त्या रात्रीची टंकलिखित ओवी. मी ती तात्यांना वाचून दाखवली. त्यांनी मध्येच अडवलं. देव कऱ्हा नदी ओलांडतो ते मोरगावच्या अंगानं, जेजुरीकडनं नाही. मी म्हटलं, तुम्हीच तसं गायलात, आवाज ऐका. त्यांनी ऐकला आणि म्हणाले, "त्या रात्री झीलकरी चुकला." झीलकरी त्यांचा धाकटा भाऊ, तो तिथंच बसला होता. त्या वादात विद्यार्थ्यानं दोन्ही वाटा लिहून घेतल्या.