ओळखीचा आवाज

आमच्या दादांच्या पश्चात् त्यांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली. दोन वर्षांतच ती जागच्या जागीं अडखळूं लागली, धूर सोडूं लागली. “विकून टाकावी” असें घरांत सर्वांचें मत पडलें. वहिनी मात्र कांहींच बोलत नसत.

अडखळण्याचें कारण उघड होतें. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. निव्वळ पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला ९ पटच पुरते, कारण त्याच्या अंगींच प्राणवायु असतो. अर्थात् जुन्या कार्बुरेटरमधून पूर्वींइतकेंच इंधन आलें तरी मिश्रण पातळ ठरतें. धुराचें कारण मात्र मी स्वतः होतों! इंजिन बंद पडूं नये म्हणून मी मिश्रणाचा स्क्रू बाहेर काढीत गेलों, इंधन वाढत गेलें, प्लगांवर काजळी धरली. आणि दोष देत होतों तो पेट्रोलला.

शेवटीं एका सकाळीं पद्धतशीर बसलों. इंजिन बंद असतांना स्क्रू अलगद मिटवून दीड फेरा उघडला. तो दाबून आवळूं नये. टोंकास खांच पडली कीं मिश्रण कधींच जमत नाहीं. मग इंजिन चांगलें तापूं दिलें, चोक आंत सारला आणि पाव-पाव फेरा फिरवूं लागलों. प्रत्येक वेळीं क्षणभर थांबावें लागतें. पण विद्यार्थ्यानें तोंड उघडण्यापूर्वींच पुढचा प्रश्न टाकण्याची माझी चौतीस वर्षांची खोड! त्यांत आतां कानही मंद झालेले.

इतक्यांत ओसरीवर भाजी निवडीत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, थांबा. आतां हात लावूं नका. हे फाटकाशीं आले कीं अस्साच आवाज यायचा.”

मीं हात काढून घेतला. इंजिन संथ, एकसारखें चालूं लागलें होतें. पंधरा दिवसांनीं प्लग काढून पाहिले, तों काजळी जाऊन त्यांवर फिकट तपकिरी छटा आली होती.

चाळीस वर्षें त्या माउलीनें रोज सायंकाळीं तो आवाज ऐकला होता. आम्हां शहाण्यांपैकीं कोणीं त्यांना एकदां विचारलेंही नव्हतें. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर घरांत निघाला नाहीं.