बाबा आवडत नाहीत, असं वाटणं

मागच्या पावसाळ्यात मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. रक्तदाब १७०/१००. महिनाभर गोळ्याच घेतल्या नव्हत्या. "आणायला वेळ नाही मिळाला, डॉक्टर." वडिलांची मात्र एकही गोळी चुकलेली नव्हती, वहीत वेळेसकट नोंद होती.

वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. डावी बाजू लुळी, बोलणं शाबूत. त्या बोलण्यात दिवसभर शिव्या. कधी भरवलेला घास थुंकायचा. मी दंडावरचा पट्टा सोडवत होतो तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "मला बाबा आवडत नाहीत हो आता. खोलीत जायच्या आधी दाराशी दोन मिनिटं उभी राहते. मी वाईट मुलगी आहे का?"

"छे, तुमचं प्रेम आहे त्यांच्यावर," असं म्हणून मी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर पेशंट थांबले होते. पण त्यांनी विचारलं होतं आवडण्याबद्दल आणि मी उत्तर दिलं प्रेमाबद्दल, हे रात्री जेवताना लक्षात आलं.

आपली भाषा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. 'मला चहा आवडतो' म्हणताना मी काहीच करत नाही. आवड आपोआप येते, तशीच जातेही. माया मात्र करावी लागते, जीव लावावा लागतो. (हल्ली मुलं पिझ्झावरही 'लव्ह' करतात, ते सोडा.) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झिक रुबिन यांनी १९७० मध्ये या दोन भावनांसाठी दोन स्वतंत्र मोजपट्ट्या प्रसिद्ध केल्या. आवडण्याच्या पट्टीत आदर, कौतुक, 'हा आपल्यासारखा आहे' असं वाटणं. प्रेमाच्या पट्टीत ओढ, जवळीक आणि समोरच्याची काळजी. म्हणजे एकीवर गुण कमी आणि दुसरीवर भरपूर, असं होऊ शकतं.

बाबा आमट्यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल. वरोऱ्यात पावसात पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला तेव्हा ते आधी घाबरून पळाले होते. मग परत आले, त्याला आडोसा केला, खाऊ घातलं. किळस आधी गेली आणि सेवा मग सुरू झाली, असं घडलं नाही. महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये उभी राहिली ती त्यानंतर.

आता डॉक्टर म्हणून थोडं. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की राग आवरण्याची ताकद कमी होते. त्या शिव्या पुष्कळदा आजाराच्या असतात. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि वृद्धांमध्ये ते रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसू शकतं. त्यावर उपचार आहेत. लुळ्या बाजूचा खांदा दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, ऐकू न येणं, हेही तपासून घ्यावं. वागणं एक-दोन दिवसांत अचानक बदललं, तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि सांभाळणाऱ्याची झोप, गोळ्या, आठवड्यातली काही तासांची सुट्टी ही चैन नाही. तोही उपचाराचाच भाग.

मी बाईंना फोन करून बोलावलं आणि सांगितलं, "ताई, बाबा आवडत नसतील तर नसू देत. त्याची लाज बाळगू नका." त्या बराच वेळ रडल्या. नंतर घरी जाऊन वडिलांना तपासलं. खांदा हलवला की ते ओरडत होते. दोन वर्षांत तो कुणी नीट पाहिलाच नव्हता, मीसुद्धा नाही. फिजिओथेरपी सुरू केली, नैराश्याची गोळीही दिली.

दोन महिन्यांनी बाईंचा रक्तदाब १३८/८६ होता. रविवारी आता भाऊ येतो, त्या दुपारी झोपतात. शिव्या कमी झाल्यात, थांबलेल्या नाहीत.

"आणि दाराशी?" मी विचारलं.

"उभी राहते की अजून," त्या म्हणाल्या. "एखादं मिनिट."