दोन तासांची सवड

आमच्याकडे वसईत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून आमचा महिना त्या दिवसावरच मोजला जाई. आदल्या रात्री चादर बदलायची, सकाळी त्यांचं अंग पुसून घ्यायचं, स्टुलावर पांढरं कापड घालून क्रूस आणि मेणबत्ती मांडायची. प्रार्थना झाली की फादर पुढच्या घरी निघत. त्यांचीही यादी लांबलचक असे.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला होता. माझं नाव त्या विसरल्या, पण ‘नमो मरिया’ सुरू केलं की पुढचे शब्द बिनचूक म्हणत. शाळेत शिकलेली मराठी सुटत गेली आणि शेवटी घरातली सामवेदी बोलीच उरली. ब्युरोतून ठेवलेली मुलगी कामाला चांगली होती, पण त्या काय मागताहेत हे तिला कळायचं नाही. मग सासूबाई चिडत, तिचा हात झटकत. नवरा पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जाई, दीर आखातात. मुलगी असो वा नसो, मी घरातच.

भेटायला येणाऱ्यांची वाण नव्हती. पण पाहुणा आला म्हणजे चहा आला, बशीत काहीतरी ठेवणं आलं, ‘किती वाळल्या गं’ हे ऐकणं आलं. माणसं गेली की खरकट्या कपबशा आणि गर्दीने बिथरलेल्या सासूबाई, दोन्ही माझ्याच वाट्याला.

एका शुक्रवारी चपला घालता घालता फादरांनी विचारलं, “तुम्ही रविवारी मिस्सेला दिसत नाही?”

“यांच्यापाशी कोण बसणार, फादर?”

ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दोघीजणी दारात उभ्या. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांना घेऊन सुरू केलेली ही संस्था. गरजूंच्या घरी जोडीने जायचं, हा तिचा जुना शिरस्ता. मला ती माहीत होती धान्याच्या पिशव्या आणि शाळेच्या फीपुरती. मी आधण ठेवायला उठले, तर थोरली म्हणाली, “चहा नको. पाण्याची बाटली आणलीय आम्ही. तू दोन तास कुठंही जाऊन ये.” आणि ती सासूबाईंशी सामवेदीत केळीच्या वाडीबद्दल बोलू लागली. त्या दिवशी मी कित्येक महिने दुखणारी दाढ दाखवून आले. पुढे कधी बँक, कधी मिस्सा, आणि एकदा तर पलीकडच्या खोलीत नुसती झोपले.

सासूबाई गेल्यावर मीही त्या गटात जाऊ लागले. आत गेल्यावर कळलं, की यासाठी फार पैसा लागत नाही. चर्चला कुणाच्याही दारात जाता येतं, हेच मोठं भांडवल. गल्लीगल्लीत लहान ख्रिस्ती समूह आहेत. कुणाचे वडील पडले, कोण इस्पितळातून घरी आलं, हे तिथे आधी समजतं. आमचे नियम मोजके: जोडीने जायचं, त्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही, औषधं आणि पैसे यांना हात लावायचा नाही, घरातलं बाहेर बोलायचं नाही. नर्सिंग शिकलेल्या सिस्टरांनी आम्हांला कूस बदलायला शिकवलं: दर दोन तासांनी, ओढून नव्हे तर खाली घडी करून घातलेल्या चादरीने, टाचा गादीला टेकणार नाहीत अशी उशी ठेवून. भरवताना माणूस उठून बसलेला हवा, आणि नंतरही अर्धा तास तसाच.

चर्चच्या एका खोलीत वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेची गादी असं सामान साठलं आहे. घरातलं माणूस गेल्यावर ते माळ्यावर टाकण्यापेक्षा लोक इथे आणून देतात आणि दुसरा कुणी नेतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्यांना घेऊन जायला तरुण पोरं कामी येतात.

एक भीती मात्र समजावूनच घालवावी लागते. फादर पवित्र तेल घेऊन आले की जुनी माणसं विचारतात, “माझी वेळ भरली का?” पूर्वी तेल लावण्याचा हा संस्कार मरणाच्या दारातच होत असे. १९७२ पासून चर्चने तो गंभीर आजारी आणि थकलेल्या वृद्धांसाठी मोकळा केला, पुन्हा पुन्हाही घेता येतो. ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिनी, चर्चमध्ये सगळ्यांसोबत तो घेतला की धास्ती कमी होते. आजीआजोबांसाठीही पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार ठरवून दिला. त्या दिवशी फुलं आणि केक असतोच. मी दरवर्षी सांगते, की केकबरोबर त्यांना सांभाळणाऱ्या सुनेला, मुलाला, कामाच्या बाईला एक दुपार मोकळी द्या.

शेजारच्या हिंदू घरांतही आम्ही जातो. तिथे प्रार्थना सुचवायची नाही, एवढं ठरलेलं आहे. एका निवृत्त शिक्षकांना पेपर वाचून दाखवते, तेवढ्यात त्यांच्या पत्नी देवळात जाऊन येतात.

सगळंच जमलं आहे असं नाही. गटात बायकाच जास्त. आजोबांना उचलायला, दाढी करून द्यायला पुरुष हवेत आणि ते येत नाहीत. रात्रीच्या जागरणाला तर कुणीच मिळत नाही, आणि सांभाळणारी माणसं मोडतात ती रात्रीच. यंदा आजाऱ्यांच्या यादीत आम्ही एक रकाना वाढवला आहे. प्रत्येक नावापुढे त्याची काळजी घेणाऱ्याचं नाव, आणि तो शेवटचा रात्रभर कधी झोपला ते. फादरांनी ही यादी आधी निवृत्त पुरुषांच्या बैठकीत वाचून दाखवावी, असा माझा आग्रह आहे.