हसण्याची साथ

हसणे आणि हसवणे या गोष्टी दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. परंतु दोघींच्या स्वभावात फार अंतर आहे. हसणे पाळण्यातल्या बाळालाही येते. हसवणे मात्र सर्वांना साधत नाही. आणि ज्यांना साधते, त्यांनाही आपण कोणाच्या जिवावर हसवीत आहोत याचे भान राहतेच असे नाही. ठेच लागून पडणाऱ्याला पाहून रस्त्यावरचे टवाळही हसतात. पण पडलेल्या माणसालाच उठता उठता हसू यावे, असे हसवणारा शेकड्यांत एखादा. महाराष्ट्राला असा एक माणूस लाभला. त्याचे नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. मराठी माणूस त्यांना प्रेमाने ‘पु. ल.’ म्हणतो.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण जोगेश्वरी आणि पार्ले येथे गेले. लहान वयातच त्यांचे बोट पेटीवर पडले आणि तेथून ते जन्मभर निघाले नाही. पुढे ते शिक्षक झाले, प्राध्यापक झाले, लेखक, नाटककार आणि नट झाले. परंतु पेटी कधी दूर झाली नाही. तुम्ही त्यांना पुस्तकांतून ओळखता. मला आज सांगायचे आहे ते रुपेरी पडद्यावरच्या पु. लं.विषयी आणि त्यांच्या सुरांविषयी.

१९४७ च्या सुमारास पु. ल. चित्रपटांत आले. पुढील पाचसहा वर्षांत त्यांनी भूमिका केल्या, संवाद लिहिले, चाली दिल्या. या साऱ्याचा कळस म्हणजे १९५३ साली आलेला ‘गुळाचा गणपती’ हा चित्रपट. त्याची कथा पु. लं.ची, संवाद त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे, संगीत त्यांचे आणि नायकाची भूमिकाही त्यांचीच! ‘गुळाचा गणपती’ असे आपण कोणाला म्हणतो? जो भोळा, बावळट, कोणीही यावे आणि टपली मारून जावे असा असतो, त्याला. या चित्रपटाचा नायक नाऱ्या हा असाच एक स्वप्नाळू जीव. प्रेक्षक त्याला हसतात. पण हसता हसता नकळत त्याच्या बाजूचे होतात. त्याला कोणी फसवले तर आपल्यालाच फसवल्यासारखे वाटते.

अशी किमया जगात आणखी एका माणसाने केली होती. त्याचे नाव चार्ली चॅप्लिन. लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेला हा मुलगा पुढे साऱ्या जगाचा विदूषक झाला. ढगळ विजार, तोकडा कोट आणि हातात काठी घेतलेला त्याचा भटक्या पाहून लहानथोर पोट धरून हसत, आणि तेच लोक चित्रपट संपताना डोळे पुशीत. चॅप्लिन लिही, दिग्दर्शन करी, अभिनय करी. एवढेच नव्हे, तो व्हायोलिन वाजवी आणि १९३१ सालच्या ‘सिटी लाइट्स’पासून आपल्या चित्रपटांना संगीतही देऊ लागला. दूरदूरच्या देशांतील या दोन विनोदकारांना संगीताची इतकी ओढ असावी, हा निव्वळ योगायोग नाही. ज्याला सूर कळतो, त्याला थांबायचे कुठे हे कळते. आणि विनोदातही, मुलांनो, सगळी खुबी थांबण्यातच असते.

माझा जन्म ‘गुळाचा गणपती’नंतरचा. तरीही त्यातली गाणी मला घरच्या रेडिओने शिकवली. त्यांतील इंद्रायणीकाठच्या आळंदीचे आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीचे गाणे तुम्हीही ऐकले असेल. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. लं.ची आणि स्वर पंडित भीमसेन जोशी यांचा. आमच्या सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर आहे. आषाढात आळंदीची पालखी आमच्या मुलुखात येते, तेव्हा टाळमृदंगाच्या संगतीत हे गाणे गाणारी माणसे मी पाहिली आहेत. एकदा एका म्हाताऱ्या वारकऱ्याला मी विचारले, “बाबा, हा अभंग कोणाचा?” तो म्हणाला, “कुण्या तरी संताचाच असंल की!” ते चित्रपटातील गाणे आहे, हे मी त्याला सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. एखादी चाल चित्रपटगृहातून उठून वारीच्या वाटेवर चालू लागते, तेव्हा ती एका माणसाची राहत नाही.

त्याच १९५३ साली ‘देवबाप्पा’ हा चित्रपट आला. ‘नाच रे मोरा’ हे गाणे त्यातलेच. शब्द माडगूळकरांचे, आवाज आशा भोसले यांचा आणि चाल पु. लं.ची. बालवाडीत शिकलेल्या किती मुलांना ती चाल कोणी दिली हे ठाऊक असते? फारच थोड्यांना. परंतु चाल सर्वांना येते. या चित्रपटांनंतर पु. लं.नी त्या दुनियेचा जवळजवळ निरोप घेतला. त्यांची गाणी मात्र आपल्या घरी राहायला आली.

आता थोडे पेटीविषयी. पेटी वाजवणारे दोन प्रकारचे असतात. एक आपल्या बोटांची करामत दाखवतो. दुसरा गवयाला साथ करतो. साथ करणे अवघड. गवयाचा श्वास कुठे संपतो, तो कुठे वळणार आहे, कुठे त्याला आधार हवा आणि कुठे आपण गप्प बसावे, हे साथीदाराने ओळखावे लागते. गवयाचा स्वर क्षणभर डळमळला तर चांगला साथीदार तो हळूच सावरून घेतो. चारचौघांत उघडा पाडीत नाही. पु. ल. थोर साथीदार होते. मला वाटते, त्यांनी विनोदही पेटीसारखाच वाजवला. माणसांच्या बेसूर जागा त्यांना अचूक ऐकू येत. पण त्यांनी त्या सावरून घेतल्या. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकातले चितळे मास्तर आठवा. या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मास्तरांच्या लकबी वाचून आपण हसतो; पण पुस्तक मिटताना मनात येते, की असे मास्तर आपल्यालाही लाभावेत.

हे सारे मला एका वर्गाने नीट समजावले. आमचे सोलापूर मागांचे आणि चादरींचे गाव. येथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानी पडते. पूर्व भागातील विणकरांच्या अनेक घरांत आजही तेलुगू बोलतात. अशाच एका घरातला मुलगा माझ्या सहावीच्या वर्गात आला. घरी मागाचा खडखडाट आणि तेलुगू, शाळेत मराठी. पहिल्याच दिवशी वाचायला उभा राहिला आणि “माझा आई” म्हणाला. वर्ग खो खो हसला. तो खाली बसला, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्याने तोंड उघडले नाही. वाचायला सांगितले की मान खाली घालून उभा राही. हसणे किती जड असू शकते, ते त्या वाकलेल्या मानेवर मला दिसत होते.

मी वर्गाला रागावलो नाही. मी शाळेची पेटी वर्गात आणवली आणि सर्वांना ‘नाच रे मोरा’ म्हणायला लावले. पहिल्या कडव्यापर्यंत तो गप्प होता. दुसऱ्याला त्याचे ओठ हलले. तिसऱ्याला त्याचा आवाज साऱ्या वर्गाच्या वर गेला, आणि तो आवाज अतिशय गोड होता. गाताना त्याचे एकही लिंग चुकले नाही! मग मी मुलांना सांगितले, की पंडित भीमसेन जोशी हे गदगकडचे. त्यांची घरची भाषा कन्नड. पु. लं.नी आळंदीचे गाणे गाण्यासाठी त्यांचा गळा निवडला, आणि सारा महाराष्ट्र त्या गळ्यापुढे नतमस्तक झाला.

आठवड्याने तोच मुलगा व्याकरणाच्या तासाला स्वतःहून उभा राहिला. म्हणाला, “सर, पलंग तो, खुर्ची ती आणि टेबल ते. लाकूड तर एकच! मग हे ओळखायचं कसं?” वर्ग पुन्हा हसला. पण हे हसणे निराळे होते. तोही हसत होता, मीही हसत होतो. कारण उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. पहिल्या हसण्याने एक मुलगा वर्गाबाहेर पडला होता; दुसऱ्या हसण्याने तो आत आला. शब्द एकच, ‘हसणे’. पण एक टवाळी आणि दुसरी साथ.

पु. ल. आपल्या कमाईकडेही असेच पाहत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांनी १९६५ साली एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि लोकांना हसवून मिळवलेला पैसा लोकांच्याच कामी लावला. पुण्यात १९८६ साली व्यसनात अडकलेल्या माणसांसाठी ‘मुक्तांगण’ उभे राहिले, तेही त्यांच्या देणगीच्या आधाराने. पडलेल्याला हसायचे नसते, त्याला हात द्यायचा असतो, हे त्यांनी लिहिण्यापुरतेच मानले नाही.

१२ जून २००० रोजी पु. ल. गेले. मुंबईत त्यांच्या नावाची कला अकादमी आहे, पुण्यात त्यांच्या नावाचे उद्यान आहे. ही स्मारके थोर आहेतच. परंतु आभाळ भरून आले की एखाद्या खेड्यातली, त्यांचे नावही न ऐकलेली मुलगी त्यांची चाल गुणगुणते, त्या स्मारकाला चिरा लागत नाही आणि पायरीही लागत नाही.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कोणी चुकेल, अडखळेल, वेगळे बोलेल. तुम्हाला हसू येईल. हसू आवरणे कठीण असते, हे मी जाणतो. त्या क्षणी त्या मित्राच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा. तो हसत असेल तर खुशाल हसा. तो हसत नसेल, तर त्याला सूर द्या.