उसनं नाव

बोईसर स्टेशनबाहेरच्या गाडीवर नासपतीचा ढीग होता, प्रत्येक फळावर चकचकीत स्टिकर. माझ्या पुढच्या आजींनी एक उचललं, वास घेतला आणि विचारलं, "पेरू कसे दिले?" गाडीवाला जौनपूरकडचा. म्हणाला, "अमरूद नहीं माताजी, नाशपाती है." आजींनी फळ जागेवर ठेवलं आणि पुटपुटल्या, "मग पेरूसारखं दिसायचं कशाला?"

डहाणू लोकल आली, गेली, मी तिथंच. आजी चुकल्या नव्हत्या. आपला 'पेरू' पोर्तुगीजांच्या 'पेरा'वरून आला, आणि पेरा म्हणजे नासपती. अमेरिकेतलं पेरूचं फळ त्यांना घाटानं ओळखीचं वाटलं असणार. इथून जवळच, तारापूरच्या किल्ल्यात, ते १७३९ पर्यंत होते. चिमाजी अप्पांच्या फौजेनं किल्ला घेतला, त्या झुंजीत मराठा सरदार बाजी भिवराव पडले, फिरंगी गेले. नाव बाजारात राहिलं.

माझ्या गॅलरीत मात्र खरी नासपती आहे. चार बोटं खोल ट्रेमध्ये, दीड फुटाची. कुमाऊंतल्या रामगढहून पाच वर्षांपूर्वी कलम आणलं, ते एका जपानी बोन्सायच्या फोटोपायी. मुळं छाटली, पानं खुडली की नवी पानं लहान येतात. फळ मात्र आपलं माप सोडत नाही. त्या फोटोत वीतभर फांदीला मुठीएवढी नासपती लोंबत होती, मुंजीतल्या बटूनं वडिलांचं घड्याळ घातल्यासारखी. नीटनेटक्या बोन्सायांचा मला कंटाळा येतो. हे विजोड रूप आवडलं.

खोड भरलं, तार बांधून फांद्या वळवल्या. फूल नाही. नासपतीला थंडी मोजून लागते, सात अंशांखालचे शेकडो तास. बोईसरला जानेवारीत स्वेटर निघतो तो हौसेपुरता. एका डिसेंबरात रोज रात्री ट्रेमध्ये बर्फ घातला. आई म्हणाली, "सर्दी होईल रे त्याला." ती केळवे-माहीमची, पानवेलीच्या वाडीत वाढलेली. झाड ट्रेमध्ये ठेवणं म्हणजे पोराला अर्धपोटी उठवणं, असं तिचं मत.

पण गाडीवाल्याचा 'अमरूद' डोक्यातून जाईना. तो मी घोलवडला ऐकला होता, नववीच्या सुट्टीत. वडील एका इराणी बागायतदाराकडं हिशेब लिहायचे. मी दिवसभर चिकूच्या वाडीत. उन्हाळ्यातही आत संध्याकाळ असल्यासारखा काळोख. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली बेडणी घेऊन गडी वर बघत उभे राहायचे, मान दुखली की एकमेकांवर ओरडायचे. चिकू तुटला की देठातून पांढरा चीक. तो बोटांना लागला की मातीनं घासूनही जायचा नाही. वडिलांच्या वहीच्या कोपऱ्यांवर माझे काळपट ठसे आहेत अजून. मालक मला काढणीचा चिकू ओळखायला शिकवायचे. नखानं किंचित ओरखडायचं. खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळसर दिसलं तर उतरवायचा. मी इतके ओरखडले, की त्यांनी माझं नख बघून विचारलं, "माकड आलं होतं का रात्री?"

वाडीच्या कडेला एकच पेरू होता. मी खात होतो, तेव्हा ते म्हणाले, त्यांची आजी यझदहून आली आणि बाजारात पहिल्यांदा तिनं अमरूद मागितला. तिच्या फारसीत अमरूद म्हणजे नासपती: मऊ, रसाळ. दुकानदारानं हातात हे दिलं. चावली तर दाताखाली खडे. फसवलं म्हणून तिनं दुकान डोक्यावर घेतलं, आणि मरेपर्यंत पेरू तोंडाला लावला नाही.

म्हणजे समुद्रावरून आलेल्यांनी आणि इराणकडून आलेल्या शब्दानं, दोघांनीही पेरूच्या गळ्यात नासपतीचंच नाव बांधलं. बिचाऱ्याला स्वतःचं असं कोणी विचारलंच नाही.

नासपतीशेजारच्या ट्रेमध्ये मी पेरू लावला तो निव्वळ चिडून. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते, आत तांबूस-हिरवं गुळगुळीत खोड. चार वर्षांचं झाड चाळिशीचं वाटतं. नासपती जुन्या, आखूड काड्यांवर फुलते आणि वर्षानुवर्षं वाट बघायला लावते. पेरू नव्या फुटीवर फुलतो, छाटलं की खूश. शेतकरी बहार धरायला पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. शेतात त्याला आठवडे लागतात. ट्रेमधली माती दोन दिवसांत भाजून निघते. एप्रिलमध्ये डबल ड्युटी लागली, पाणी राहून गेलं, निम्मी पानं झडली. घाबरून पाणी घातलं, हलकं छाटलं. काही आठवड्यांनी पांढरी, केसाळ फुलं.

चार फळं धरली. एवढ्याशा झाडाला चार झेपत नाहीत, म्हणून तीन खुडली. चौथ्याला आईनं बुलबुलांच्या भीतीनं जुन्या मोज्यात घातलं आणि रोज सकाळी मोजा चाचपून बघू लागली. श्रावणात तिनंच उतरवलं, उभ्या फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं. मी रात्रपाळीला निघता निघता एक फोड तोंडात टाकली. बी दाढेत अडकली, ती पहाटेपर्यंत निघाली नाही.