न्यू ऑर्लिन्स : जाझचें माहेर

मिसिसिपी नदी समुद्रास मिळण्यापूर्वीं सुमारें शंभर मैल अलीकडे एक मोठें वळण घेते. त्या वळणाच्या कुशींत इ. स. १७१८ मध्यें फ्रेंचांनीं एक नगर वसविलें. पुढें तें स्पेनच्या हातीं गेलें, थोडा काळ पुन्हां फ्रान्सकडे आलें, आणि १८०३ मध्यें नेपोलियननें लुइझियानाचा अवघा प्रांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांस विकून टाकला तेव्हां सौद्याबरोबर हेंही गेलें. हेंच न्यू ऑर्लिन्स. आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड ह्यूस्टन येथें आहे. तेथून मोटारीनें साडेतीनशें मैलांचा रस्ता करून आम्ही सहकुटुंब या नगरांत चार दिवस राहून आलों. 'जाझ' म्हणजे हॉटेलांतला गोंगाट, एवढीच ओळख आपल्याकडील पुष्कळ घरांत आहे. म्हणून त्याचा जन्म जेथें झाला तें स्थळ व त्याच्या परिभाषेंतील कांहीं शब्द यांची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

जुन्या वस्तीस 'फ्रेंच क्वार्टर' म्हणतात. पण १७८८ व १७९४ च्या दोन मोठ्या आगींत फ्रेंचांचीं बहुतेक घरें जळून गेलीं, आणि आज दिसतात ते वाडे बरेचसे स्पॅनिश अमदानींतील किंवा त्यानंतरचे आहेत. लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, मध्यें फरसबंदीचा चौक, चौकाच्या कोपऱ्यांत केळी. बोर्बन रस्त्याविषयीं मात्र न लिहिलेलेंच बरें. रात्रीं तेथें जें ऐकूं येतें तें ऐकण्यास एवढ्या लांब जाण्याचें कारण नाहीं.

क्वार्टरची शींव म्हणजे रॅम्पार्ट रस्ता. तो ओलांडला कीं एक बाग लागते आणि तिच्या एका अंगास ओकच्या जुन्या वृक्षांखालीं एक फरसबंद मैदान आहे. तोच कांगो चौक. फ्रेंचांनीं १७२४ मध्यें या प्रांतांत गुलामांसंबंधीं एक कायदा लागू केला. त्याचें नांव 'कोड न्वार', म्हणजे अक्षरशः काळा कायदा. नांव यथार्थच होतें. परंतु त्यांत रविवारीं गुलामांस कामास लावूं नये असें एक कलम होतें. १८१७ मध्यें नगरपालिकेनें ठराव केला कीं, गुलामांनीं रविवारीं जमावयाचें तें नेमून दिलेल्या जागींच जमावें. ती जागा ही. हेतु बंदोबस्ताचा होता. फळ निराळेंच निघालें. साउथ कॅरोलायनांत १७३९ च्या बंडानंतर गुलामांच्या ढोलांवर कायद्यानें बंदी आली होती, कारण ढोलाच्या भाषेंत निरोप जातात अशी मालकांस धास्ती होती. येथें मात्र दर रविवारीं ढोल उघड वाजत राहिले. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर काम केलेला स्थापत्यकार लॅट्रोब १८१९ मध्यें येथून जात असतां त्यास पांचसहाशें माणसें निरनिराळीं कडीं करून नाचत असलेलीं दिसलीं. त्याला तें गाणें मुळींच रुचलें नाहीं. तथापि वाद्यांची चित्रें त्यानें वहींत काढून ठेविलीं, आणि त्या अरसिकाच्या वहीचे आज उपकार मानावे लागतात. त्यांतील एका तंतुवाद्यास खालीं भोपळा आहे. तें चित्र पाहून आमचें कुटुंब म्हणालें, "हा तर आपल्या तंबोऱ्याचा भाऊ." पुढील बँजो हें वाद्य याच कुळांतील.

एका गोऱ्या सेनापतीच्या स्मरणार्थ १८९३ मध्यें या चौकास 'बोरगार्ड चौक' असें नांव दिलें गेलें. लोक कांगो चौकच म्हणत राहिले, आणि २०११ मध्यें नगरसभेस तें नांव विधिपूर्वक परत द्यावें लागलें.

ढोल होते, पण जाझ व्हावयास आणखी एका प्रवाहाची गरज होती. फ्रेंच किंवा स्पॅनिश बाप आणि आफ्रिकी वंशाची आई यांची जी संतति, तिला येथें क्रिओल म्हणत. यांतील बरेच लोक यादवी युद्धापूर्वींच स्वतंत्र होते. मुलांस पाश्चात्य स्वरलेखन शिकवीत, सनई-जातीचें क्लॅरिनेट घोटून घेत. कॅनॉल रस्त्याच्या पलीकडे राहणारे, मळ्यांवरून आलेले नीग्रो मात्र कानानेंच वाजवीत. दोघांत रोटीव्यवहारही बेताचाच. १८९० मध्यें लुइझियानानें आगगाडींत वर्णवार डबे करण्याचा कायदा केला. होमर प्लेसी नांवाचा येथील एक क्रिओल चर्मकार १८९२ मध्यें गोऱ्यांच्या डब्यांत मुद्दाम जाऊन बसला आणि खटला वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १८९६ मध्यें निकाल प्लेसीच्या विरुद्ध लागला. कायद्यानें दोघांसही एकाच पंक्तीस बसविलें तेव्हां वाचून वाजविणारा व ऐकून वाजविणारा यांस एका ताफ्यांत येणें प्राप्त झालें. जाझ या अन्यायामुळेंच झालें असें कांहीं लोक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. अन्यायास जन्मदात्याचा मान कशास द्यावा? वाजविणारांनीं त्यांतून वाट काढली, एवढेंच खरें.

पहिला गाजलेला वादक बडी बोल्डेन, जन्म १८७७. त्याच्या कॉर्नेटचा आवाज मैलोगणती जाई अशी आख्यायिका आहे. १९०७ मध्यें बुद्धिभ्रंश होऊन त्याला वेड्यांच्या इस्पितळांत नेलें. तेथेंच तो १९३१ मध्यें वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी उरलेली नाहीं. आणि जाझची पहिली तबकडी मुद्रित झाली ती फेब्रुवारी १९१७ मध्यें, न्यू यॉर्कला. वाजविणारे न्यू ऑर्लिन्सचेच, परंतु पांचही गोरे!

त्या ताफ्याच्या नांवांत 'जास' असें लिहिलें होतें. 'जाझ' हें रूप मागाहून रूढ झालें. शब्दाची व्युत्पत्ति आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांस गंमतीची वाटेल. तो प्रथम छापलेला सांपडतो तो संगीतासंबंधीं नव्हे, तर १९१२-१३ च्या कॅलिफोर्नियांतील चेंडूफळीच्या बातम्यांत; अर्थ 'जोम' किंवा 'तडफ'. १९१५ च्या सुमारास शिकागोंत तो या वादनास लागला. म्हणजे माहेर दक्षिणेंत आणि बारसें उत्तरेंत.

'ब्ल्यूज' म्हणजे विषादाचीं पदें. यांत बहुधा चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें आवर्तन असतें. त्यास ते 'कोरस' म्हणतात. पहिली ओळ दोनदां म्हणावयाची आणि तिसरीनें तिचें उत्तर द्यावयाचें. यांतील गांधार ना धड कोमल ना धड शुद्ध, मधल्याच एका श्रुतीवर डोलणारा असतो. पियानोस तो सांपडत नाहीं; गळ्यास व कॉर्नेटास सांपडतो. त्याचें नांव 'ब्लू नोट'. 'रॅगटाइम' हें पियानोचें लिखित वादन. त्यांत उजव्या हाताचे आघात मात्रेवर न पडतां दोन मात्रांच्या सांध्यांत पडतात. स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' १८९९ चा आहे. 'ब्रेक' म्हणजे साथ एकदम थांबते, एकटा वादक दोन खंड वाजवितो आणि सर्व मंडळी पुन्हां बरोबर समेवर भेटतात. 'स्कॅट' म्हणजे निरर्थक अक्षरांचें गायन, आपल्या तराण्याचें चुलत भावंड; लुइ आर्मस्ट्राँगच्या १९२६ च्या एका तबकडीनें तें लोकप्रिय केलें. 'स्विंग' समजावून देणें कठीण. कागदावर दोन समान लघु लिहिलेले असतात. वाजवितांना पहिला लांबतो आणि दुसरा आंखडतो, जणूं गुरु-लघु. पण किती लांबवावा याचें गणित नाहीं. तें गुरुमुखांतूनच घ्यावें लागतें. पुढें 'ऱ्हिदम ॲण्ड ब्ल्यूज' हें नांव १९४९ मध्यें एका व्यापारी साप्ताहिकानें पुढें आणलें, कारण काळ्यांच्या तबकड्यांस 'रेस रेकॉर्ड' म्हणणें लाजिरवाणें होऊं लागलें होतें.

आर्मस्ट्राँग १९०१ मध्यें येथेंच अत्यंत दरिद्री वस्तींत जन्मला. लिथुआनियांतून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर तो लहानपणीं काम करी, आणि त्यांच्याच मदतीनें त्यानें पहिला कॉर्नेट घेतला. जगांतील एवढ्या मोठ्या वादकाच्या जन्मस्थानाचें नगरानें काय केलें? तें घर १९६४ मध्यें पाडलें. कार्नोफ्स्कींचें दुकान उभें होतें. पण कित्येक वर्षें तें रिकामें व दुर्लक्षित राहिलें, आणि २९ ऑगस्ट २०२१ च्या 'आयडा' वादळांत जमीनदोस्त झालें. त्यापूर्वीं बरोबर सोळा वर्षें, त्याच तारखेस, 'कॅट्रिना' वादळानें बांध फुटून नगराचा सुमारें चारपंचमांश भाग पाण्याखालीं गेला होता. वादळास बोल लावतां येतो. परंतु ज्या बागेस आर्मस्ट्राँगचें नांव आहे, तिच्यासाठीं ट्रेमे पेठेंतील वादकांचीं राहतीं घरें माणसांनींच पाडलीं. विमानतळासही त्याचेंच नांव आहे! नांव देण्यास खर्च थोडा.

ट्रेमे पेठेशीं हिंदुस्थानाचाही धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळी जिल्ह्यांतील मुसलमान फेरीवाले चिकणाचें कापड विकीत येथवर आले, आणि कित्येकांनीं येथील काळ्या स्त्रियांशीं लग्नें करून संसार थाटले. उलट दिशेनें १९३५ मध्यें लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा काळा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. गोव्याच्या चर्चमधील शाळांत स्वरलेखन शिकलेल्या तरुणांनीं ती विद्या चटकन उचलली. त्यांतील आंतोनियो शाविएर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नांवानें आणि हिंदी आर्मस्ट्राँग म्हणून प्रसिद्धीस आला. पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर यांस त्याचें साहाय्य होतें. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत तो ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. ज्या घरांत जाझचें नांव काढूं देत नसत, त्या घरांतल्या मुलांच्या तोंडीं तीं गाणीं होतींच.

सेंट पीटर रस्त्यावर १९६१ पासून 'प्रिझर्व्हेशन हॉल' नांवाची एक जुनाट खोली आहे. आंत मद्यविक्री नाहीं, गाद्यागिरद्या नाहींत. कांहीं बांकें, बाकीचे उभे. पाऊण तासांत सहा वादकांनीं आम्हांस सर्व परिभाषा प्रत्यक्ष दाखविली. क्लॅरिनेट, कॉर्नेट व ट्रॉम्बोन एकाच वेळीं निरनिराळें बोलतात आणि तरी भांडण होत नाहीं. आमच्या एका वेळीं एकच स्वर ऐकणाऱ्या कानांस तें पचण्यास थोडा अवधि लागतो.

येथील प्रेतयात्रेविषयीं आम्हीं वाचलें होतें. जातांना ताफा अगदीं विलंबित लयींत शोकगीत वाजवितो. प्रेतास निरोप दिला कीं ढोलाचा सूर बदलतो आणि मंडळी छत्र्या उंचावून नाचत परततात. घरची मंडळी व ताफा ही 'पहिली ओळ', मागून येणारे तिऱ्हाईत ही 'सेकंड लाइन'. वर्गणीच्या ज्या मंडळ्या पूर्वीं गरिबांच्या अंत्यविधीचा खर्च सोशीत, त्यांच्या मिरवणुकी आतां रविवारींही निघतात. अशी एक आमच्या वाट्यास आली. ती क्लेबोर्न हमरस्त्यावर पोंचली. येथें ओकच्या झाडांची दुहेरी रांग होती, तिच्या सावलींत काळ्यांचे सण होत. १९६६ मध्यें तीं झाडें तोडून वर मोटारींचा उन्नत रस्ता बांधला गेला. त्या रस्त्याच्या खांबांवर आतां कोणी ओकचीं झाडें रंगविलीं आहेत. ताफा मुद्दाम त्या खांबांमध्यें शिरला, कारण सिमेंटच्या छताखालीं पितळी वाद्यें दुप्पट घुमतात. वरून मालमोटारी जात होत्या, त्या ऐकूं येईनात. छत्रीवाल्या एका वृद्ध बाईंनीं आमच्या कुटुंबास हात धरून ओळींत घेतलें, आणि पुढच्या चौकापर्यंत आम्हीही गेलों.