पदवीच्या नावातलं अवकाश

अवकाशशास्त्रात एमएस्सी केली की इस्रोचं दार उघडतं, हे मला पटत नाही. तिथली शास्त्रज्ञ-अभियंता भरती बहुतांशी मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाल्यांची. मग ही पदवी फुकटच? तसंही नाही. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरची 'सूट' दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने घडली. अतिनील किरणांत सूर्य टिपायचा तर फिल्टर, डिटेक्टर, तापमान यांचं गणित भौतिकशास्त्र मुरलेल्या माणसालाच जमतं. २०२०मध्ये अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, त्या कंपन्या तरी पदवीचं नाव बघतील, असं कुणी म्हणेल. बघोत बापड्या! पण नावापेक्षा काम बोलतं. ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश-दुर्बिणीची निरीक्षणं सर्वांना खुली आहेत. ती उतरवून, गोंगाट गाळून एखाद्या ताऱ्याच्या क्ष-किरणांचा चढउतार काढलेल्या विद्यार्थ्याकडे मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. माहितीपत्रकावर रॉकेट छापणाऱ्या विभागाला प्रवेशाआधी एवढंच विचारावं, की असं काम करून घेता का?